‘एवढं जरा लावून बघता का?’

दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभरात काय काय येतं, याची यादी कुणी करत नाही. जुना केसपेपर येतो, रिपोर्टचं पाकीट येतं, एमआरनं दिलेलं कॅलेंडर येतं. त्यातच सीटी स्कॅनची सीडी येते, नातेवाइकाचा पेन ड्राइव्ह येतो आणि “दोनच टक्के राहिलीय हो, जरा लावता का?” म्हणत एखादा मोबाइलही येतो. काउंटरवरची मुलगी यातलं काहीच परत करत नाही. तिला ते कुणी शिकवलेलंच नाही. उलट पेशंटशी गोड बोलायचं, तोंडावर नाही म्हणायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. प्रस्तुत पुस्तक या काउंटरवरून आत जाऊन संगणकाला लागणाऱ्या वस्तूंबद्दल आहे.

संगणकाच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर परदेशात बसलेला कुणी हॅकर येतो, नाहीतर ओटीपी मागणारा फोन. ही भीती खोटी नाही. पण तालुक्याच्या गावातलं दोन खोल्यांचं क्लिनिक घ्या किंवा शहरातलं पंधरा खाटांचं नर्सिंग होम घ्या, तिथल्या नेटवर्कला लागलेली कीड बऱ्याचदा ओळखीच्या माणसाच्या खिशातून आलेली असते. हिशेब बघणारा, औषध कंपनीचा प्रतिनिधी, मशीन दुरुस्तीला आलेला इंजिनिअर, कंपाउंडरचा भाचा, आणि खुद्द डॉक्टर. यातला एकही जण वाईट हेतूनं आलेला नसतो. म्हणूनच लेखकांनी पुस्तकाचा रोख चोरावर न ठेवता पाहुण्यावर ठेवला आहे. मला तो पूर्ण पटतो.

वैद्यकक्षेत्राला हा अनुभव नवा नाही. फायली अडकवून ठेवून पैसे मागायचा जो धंदा आज जगभर चालतो, त्याची सुरुवातच मुळी या क्षेत्राच्या अंगणात झाली, आणि तीही टपालानं. डिसेंबर 1989 मध्ये देशोदेशीच्या सुमारे 20,000 पत्त्यांवर एक फ्लॉपी पोचली. पत्ते एका संगणक मासिकाच्या वर्गणीदारांच्या यादीतून आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेल्यांच्या यादीतून घेतलेले होते. फ्लॉपीत एड्सविषयी माहिती देणारा एक प्रोग्रॅम होता. प्रश्नांची उत्तरं भरली की तुम्हाला लागण होण्याचा धोका किती, हे तो सांगायचा, आणि ते काम तो खरोखर करायचा. मात्र संगणक साधारण 90 वेळा सुरू झाला की फायलींची नावं ओळखू येईनाशी व्हायची आणि मागणी पुढं यायची: 189 डॉलर पनामातल्या अमुक टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवा. हे करणारा जोसेफ पॉप हार्वर्डमध्ये शिकलेला उत्क्रांतिशास्त्रज्ञ होता. त्याला अटक झाली, पण मानसिक स्थितीमुळे त्याच्यावर खटला चालू शकला नाही.

या प्रकरणातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. फायलींची नावं बदलली होती, आतला मजकूर शाबूत होता, आणि नावं पूर्ववत करणारे प्रोग्रॅमही थोड्याच काळात तयार झाले. ज्यांनी घाबरून अख्खी डिस्क पुसून टाकली, त्यांचं काम मात्र कायमचं गेलं. पुस्तकात पहिल्या तासाभरात काय करू नये यावर एक छोटं प्रकरण आहे. ते वाचायला संकटाची वाट बघू नये.

फ्लॉपीचा जमाना गेला म्हणून ही गोष्ट जुनी समजावी, तर 2016 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननं दंतोपचारांच्या सांकेतिक क्रमांकांची नवी पुस्तिका पेन ड्राइव्हवर घालून दवाखान्यांना पाठवली. असे सुमारे 37,000 पेन ड्राइव्ह टपालात पडले. त्यातल्या काहींमध्ये वापरणाऱ्याला घातक संकेतस्थळावर नेणारी फाइल निघाली. चीनमध्ये जिथं त्यांच्या प्रती काढल्या गेल्या, तिथलं प्रती काढणारं एक यंत्रच आधी बाधित झालेलं होतं. आपल्याच संघटनेचा शिक्का असलेलं पाकीट कुठला दंतवैद्य संशयानं उघडेल? पॉपनं निदान बनावट कंपनीचं नाव पुढं केलं होतं. इथं संस्था खरी, हेतू चांगला, आणि माल तेवढा नासका. या दोन्हींपैकी दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते, कारण पहिलीवर ‘अनोळखी पाकीट उघडू नका’ हा उपाय तरी सांगता येतो.

माणसं हातात आलेला पेन ड्राइव्ह का लावतात, याचा शोध अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात घेतला गेला. संशोधकांनी आवारात 297 पेन ड्राइव्ह मुद्दाम इकडेतिकडे टाकून ठेवले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार जवळजवळ सगळे उचलले गेले, आणि निदान 45 टक्के पेन ड्राइव्हमधली एखादी तरी फाइल कुणीतरी उघडली. पहिली तर सहा मिनिटांच्या आत. का उघडली, असं विचारल्यावर बहुतेकांनी मालकाला शोधून वस्तू परत करायची होती, असं सांगितलं. म्हणजे हावरटपणापेक्षा भलेपणानंच घात केला होता. जिथला सगळा व्यवहारच लोकांना मदत करण्याचा आहे, त्या दवाखान्यात हा भलेपणा कमी करा असं कोणत्या तोंडानं सांगणार?

आपल्याकडे त्यात भिडेची भर पडते. भीड भिकेची बहीण, ही म्हण सगळ्यांना पाठ असते, पण शाळेतले जुने गुरुजी हातात पेन ड्राइव्ह घेऊन काउंटरसमोर उभे राहिले की ती आठवत नाही. “अगं, एवढं एक पान काढून दे, झेरॉक्सवाल्याचं बंद आहे आज.” तो पेन ड्राइव्ह त्याआधी त्याच झेरॉक्सवाल्याकडं जाऊन आलेला असतो, आणि परीक्षांचे फॉर्म भरायच्या दिवसांत तिथल्या संगणकाला अख्ख्या गावाचे पेन ड्राइव्ह लागून गेलेले असतात. मग एके दिवशी फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसू लागतात. खऱ्या फायली लपलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डर उघडतो आणि त्याच्या जोडीनं नको ते या संगणकात उतरतं. फोल्डर उघडलेला असल्यामुळे काही बिघडलंय असं कुणाला वाटतच नाही. ‘शॉर्टकट व्हायरस’ या नावानं आपल्याकडे तो प्रसिद्धच आहे.

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, “अँटिव्हायरस टाकलाय की.” महाराष्ट्रात या उत्तरावर जरा जास्तच भरवसा असायला कारण आहे. कैलास आणि संजय काटकर या भावांनी नव्वदच्या दशकात पुण्यात क्विक हील उभं केलं, ते फ्लॉपीवरून व्हायरस फिरत होते त्याच काळात, आणि घरचा अँटिव्हायरस गावोगावच्या संगणकांत जाऊन बसला. तो असावाच, वेळच्या वेळी अपडेटही व्हावा. पण फाइल तपासणं हेच मुख्यतः त्याचं काम आहे. 2014 मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं की पेन ड्राइव्हच्या आतला जो छोटा नियंत्रक असतो, त्याचाच प्रोग्रॅम बदलता येतो. असा पेन ड्राइव्ह संगणकाला ‘मी कीबोर्ड आहे’ अशी ओळख देतो आणि माणसानं टंकावं तसे हुकूम स्वतःच टंकत जातो. तपासायला फाइलच नसते. रस्त्यावरच्या प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये हे असतं असं मुळीच नाही, आणि लेखकांनीही या भीतीचा बाऊ केलेला नाही. फक्त, पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला की झालं, हा समज त्यामुळे टिकत नाही.

पुस्तकातलं सीडीचं प्रकरण मला सर्वांत आवडलं, कारण तिथं ‘घेऊ नका’ म्हणून सुटका होत नाही. पेशंट शहरातून सीटी किंवा एमआरआय करून येतो. मोठ्या पाकिटात फिल्म असते, टाइप केलेला रिपोर्ट असतो आणि कागदी खिशात एक सीडी, हल्ली कधीकधी पेन ड्राइव्ह. ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोचे डॉक्टर रिपोर्टच्या चार ओळींवर समाधानी नसतात. त्यांना चित्रं स्वतः सरकवून बघायची असतात, आणि ते बरोबरच आहे. सीडी लावली की आत डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या नमुन्यातल्या फायलींचा ढीग, त्या बघण्यासाठीचा एक प्रोग्रॅम, आणि तो आपोआप सुरू व्हावा म्हणून एक लहानशी फाइल. म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर तयार झालेला प्रोग्रॅम आपण पेशंटच्या नोंदी असलेल्या संगणकावर चालवतो, आणि बहुतेक दवाखान्यांत संगणकाला एकच खातं असतं, तेही सर्वाधिकार असलेलं. मायक्रोसॉफ्टनं 2011 मध्ये जुन्या विंडोजमध्येही पेन ड्राइव्हवरचे प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं बंद केलं, पण सीडी-डीव्हीडीला त्यातून वगळलं होतं. नुसती चित्राची फाइल उघडली तर काय होतंय, असं म्हणावं तर डायकॉम फाइलच्या सुरुवातीला 128 बाइटांची मोकळी जागा ठेवलेली असते. तिचा वापर करून एकच फाइल चित्र आणि चालणारा प्रोग्रॅम अशी दोन्ही असू शकते, हे 2019 मध्ये दाखवून देण्यात आलं.

लेखकांचा उपाय साधा आहे. अडगळीत पडलेला एक लॅपटॉप घ्यायचा, त्याचं वायफाय बंद करायचं, नेटवर्कची वायर लावायची नाही, आपल्या विश्वासातला डायकॉम व्ह्यूअर त्यात घालून ठेवायचा आणि बाहेरून आलेली प्रत्येक सीडी तिथंच बघायची. त्यावर पेशंटची कसलीही नोंद ठेवायची नाही. बिघडला तर पुसून पुन्हा उभा करायचा. त्याला जोडून त्यांनी एक वाक्य टाकलंय ते अनुभवी माणसालाच सुचेल: या लॅपटॉपला एसएसडी बसवा. जुना लॅपटॉप सुरू व्हायला चार मिनिटं घेत असेल तर ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर सीडी शेजारच्या संगणकालाच लावणार, हे त्यांनी गृहीत धरलं आहे. उपाय कामाच्या वेगात बसला नाही तर तो कपाटातच राहतो.

वेगाशी भांडण घेतल्यावर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडमधल्या शेफिल्डचं आहे. तिथल्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया चालू असताना संगणक अपडेटसाठी मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाले. साहजिकच आरडाओरडा झाला आणि आपोआप होणारे अपडेट सरसकट थांबवण्यात आले. त्यानंतर लगेच, जानेवारी 2009 मध्ये, कॉन्फिकर नावाचा घातक प्रोग्रॅम तिथं शिरला आणि 800 हून जास्त संगणक बाधित झाले. कॉन्फिकर नेटवर्कवरून पसरायचा तसाच पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा, आणि त्याला अडवणारा अपडेट ऑक्टोबर 2008 पासून उपलब्ध होता. अपडेट थांबवणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याला फक्त शस्त्रक्रियागृहातले संगणक आणि कार्यालयातले संगणक वेगळे ठेवायचं सुचलं नाही, किंवा तशी सोय त्याच्याकडे नव्हती.

सोनोग्राफीचं मशीन, डिजिटल एक्स-रेचा संगणक, ईसीजीचा लॅपटॉप ही त्याच जातीची मंडळी आहेत. आत बरेचदा जुनं विंडोज असतं, अँटिव्हायरस टाकला तर कंपनी जबाबदारी झटकते, आणि सर्व्हिस इंजिनिअर येतो तो आठवडाभर वेगवेगळ्या रुग्णालयांत फिरलेला पेन ड्राइव्ह घेऊन. त्याला अडवून मशीन बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. तेव्हा मशीनला दवाखान्यातल्या नेटवर्कचा वेगळा कोपरा द्यायचा आणि तिथून बिलिंगच्या संगणकाकडे जाणारी वाट बंद ठेवायची, हाच मार्ग उरतो. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर 2022 मध्ये झालेल्या हल्ल्यात पाच सर्व्हर आणि सुमारे 1.3 टेराबाइट माहिती सापडली, तेव्हा सरकारनं संसदेत दिलेल्या उत्तरात नेटवर्कचे नीट भाग न पाडणं हेच कारण नोंदवलं होतं. तिथला हल्ला पेन ड्राइव्हचा नव्हता, पण आत शिरलेली गोष्ट कुठपर्यंत पोचते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. एम्सला दोन आठवड्यांच्या आसपास कागदावर काम करावं लागलं. मनुष्यबळ असलेल्या संस्थेची ही कथा. दोन माणसांच्या काउंटरनं हे कसं निभवावं?

सगळेच पोर्ट बुजवून टाका, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा दवाखान्यातल्या संगणकाच्या मागं वाकून बघावं. प्रिंटर तिथं, बारकोड स्कॅनर तिथं, आधारच्या बोटांच्या ठशांचं यंत्र तिथं, डिजिटल सहीचा डोंगल तिथं. हे सगळं राहू द्यायचं आणि साठवणीची उपकरणं तेवढी बंद करायची, असा मधला मार्ग विंडोजमध्येच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रो आवृत्तीत ते ग्रुप पॉलिसीतून होतं. होम आवृत्तीत रजिस्ट्रीत ‘यूएसबीस्टोर’ नावाची नोंद शोधून तिथला ‘स्टार्ट’चा आकडा 3 चा 4 करावा लागतो. पण एवढ्यानं मोबाइल अडत नाही, कारण तो वेगळ्या वाटेनं फायली देतो, आणि कीबोर्डचं सोंग घेणारं उपकरणही अडत नाही. पुस्तकात या दोन्ही फटी दाखवून दिल्या आहेत. मोबाइलसाठीचा उपाय तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो: प्रतीक्षाकक्षात दोन-तीन अॅडॉप्टर लावलेला एक बोर्ड. “तिकडं लावा ना काका, तिथं लवकर होतं” हे नाही म्हणणं नव्हे. मुलगी ते सहज म्हणू शकते.

स्टाफच्या मोबाइलचा दुसरा उपयोग त्याहून वाईट. ब्रॉडबँड गेलं की कुणीतरी आपला फोन केबलनं जोडून त्याचं नेट वापरतं, पावती निघते, सगळे खूश होतात. राउटरवर जे काही संरक्षण होतं ते त्या वेळेपुरतं बाजूला पडलेलं असतं.

आत येणाऱ्या वस्तूंइतकंच बाहेर जाणाऱ्यांचं आहे, पण त्याकडे आपलं लक्ष कमी असतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका त्वचारोग दवाखान्याच्या कर्मचाऱ्याच्या गाडीतून एक पेन ड्राइव्ह चोरीला गेला. त्यात सुमारे 2,200 रुग्णांची माहिती होती आणि तिला कुलूप नव्हतं. 2013 मध्ये त्या दवाखान्याला 1,50,000 डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडे आजवर डॉक्टरांना नोंदी जपण्याची सवय कायद्यानं लावली आहे: 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या आणि मागणी आल्यास 72 तासांत द्यायच्या. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं त्यात माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी आणली. त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. लहान क्लिनिकवर कुणी तेवढा दंड लावेल असं मला वाटत नाही, आणि या आकड्यानं घाबरवणारे सेमिनार मला आवडत नाहीत. पण गुप्तरोगाची, गर्भपाताची किंवा मानसिक आजाराची नोंद लहान गावात फुटली तर त्या माणसाचं काय होतं, हे सांगायला कायद्याचं कलम लागत नाही. बॅकअपची हार्ड डिस्क घरी नेणाऱ्यांनी तिला पासवर्डचं कुलूप घालावं, आणि ती दवाखान्यात असताना बारा महिने संगणकाला टोचून ठेवू नये. फायली अडकवणारा प्रोग्रॅम आला की जोडलेली डिस्कही तो सोडत नाही.

एका मुद्द्यावर माझं लेखकांशी जमलं नाही. प्रत्येक पेन ड्राइव्हला क्रमांक द्यावा आणि वापराची नोंदवही ठेवावी, असं ते म्हणतात. मी अशा वह्या पाहिल्या आहेत. पहिला आठवडा सुवाच्य अक्षरात असतो, नंतर महिनाअखेरीला एकाच पेनानं सगळ्या सह्या होतात. काउंटरवरच्या माणसाच्या निग्रहावर किंवा वहीवर भार टाकण्यापेक्षा संगणकानंच ‘हे उपकरण चालणार नाही’ म्हणावं आणि मुलीनं “बघा ना, घेतच नाही हा” म्हणत हात वर करावेत, हे मला जास्त टिकाऊ वाटतं. तिचा वाईटपणा वाचतो, गुरुजींचा मानही राहतो.

ही सगळी व्यवस्था जिथं फसते ती जागा लेखकांनी शेवटच्या प्रकरणात, जरा बिचकत, सांगितली आहे. काउंटरचे पोर्ट बंद होतात, बिलिंगचे बंद होतात, पण केबिनमधल्या संगणकाला सूट मिळते, कारण ‘सरांना लागतं’. सरांचा पेन ड्राइव्ह रविवारी परिषदेत व्यासपीठावरच्या लॅपटॉपला लागलेला असतो, आणि त्या लॅपटॉपला त्या दिवशीच्या सगळ्या वक्त्यांचे पेन ड्राइव्ह आपापल्या स्लाइड्स घेऊन लागून गेलेले असतात. सोमवारी सकाळी तो केबिनमध्ये लागतो, आणि त्या संगणकावरून सगळ्या दवाखान्याच्या नोंदी उघडतात. डॉक्टरांना नाही म्हणणारं तिथं कुणीच नसतं. तेव्हा हे पुस्तक विकत घेणाऱ्या डॉक्टरांनी आधी केबिनमधल्या संगणकाचे पोर्ट बंद करून घ्यावेत, स्लाइड्स ईमेलनं पाठवाव्यात आणि सर्वाधिकाराचा पासवर्ड बंद पाकिटात घालून घरी, दवाखान्याशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवायला द्यावा. उरलेली प्रकरणं काउंटरवर द्यायला हरकत नाही.